कॅमेऱ्यासाठी महागडी शोल्डर बॅग घेताना: आधी पट्टा आणि तोंड, मग कापड

प्रश्न थोडक्यात असा आहे: फुल फ्रेम मिररलेस बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा), २४-७० आणि ७०-२०० मिमीच्या दोन एफ/२.८ झूम लेन्स, एक छोटी ३५ मिमी प्राइम (झूम नसलेली लेन्स) आणि एक फ्लॅश एवढे सामान आहे. कार्यक्रम, रस्त्यावरचे फोटो आणि प्रवास असा मिश्र वापर. आतापर्यंत साधी काळी बॅग वापरली, आता बरीच वर्षे टिकेल अशी खांद्यावरची चांगली बॅग एकदाच घ्यायची आहे. कॅनव्हास घ्यावी की चामड्याची, केवढी घ्यावी, लॅपटॉप मावायला हवा का, आणि एका बॅगेसाठी एवढे पैसे मोजण्यात अर्थ आहे का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. अर्थ आहे, पण पितळी बक्कल आणि चामड्याचा बिल्ला पाहून आपण जिथे भुलतो तिथे तो फारसा नसतो. महागड्या बॅगेचे पैसे तीन जागी वसूल होतात: पट्टा बॅगेला जोडला जातो ती जागा, बॅगेचे तोंड, आणि काही वर्षांनी एखादा भाग गेला तर तो बदलून मिळण्याची सोय. या तिन्हींत बॅग चांगली असेल तर दिसायला साधी असली तरी घ्या. यांत कच्ची असेल तर चामडे कितीही उंची असले तरी सोडून द्या.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवायला हवी. सामान एका जागेहून दुसऱ्या जागी न्यायला पाठीवरची सॅक केव्हाही बरी. दोन्ही खांद्यांवर भार वाटला जातो, हात मोकळे राहतात. खांद्यावरची बॅग घ्यायची ती उभ्या उभ्या, गर्दीत, खाली न ठेवता तिच्यातून काम करता यावे म्हणून. लेन्स काढायची, दुसरी चढवायची, आधीची परत आत सोडायची, आणि हे सगळे नजर समोरच्या माणसांवरून न हटवता. हा प्रकार मुळात अशाच गरजेतून रूढ झाला. जिम डोमके हे ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’ या दैनिकाचे छायाचित्रकार. १९७० च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी स्वतःच्या कामासाठी एफ-२ ही जवळजवळ बिनपॅडिंगची कॅनव्हास बॅग तयार केली, आणि ती आजही जवळपास त्याच रूपात मिळते. इंग्लंडमधली बिलिंगहॅम १९७३ मध्ये सुरू झाली ती मासेमारीच्या बॅगा बनवायला. गळ टाकणाऱ्यांसाठी शिवलेल्या त्या बॅगा न्यूयॉर्कचे छायाचित्रकार कॅमेऱ्यासाठी वापरतात हे कंपनीला काही वर्षांनी कळले, आणि तिथून तिचा रस्ताच बदलला. दोन्ही बॅगा अशा लोकांच्या, ज्यांना दिवसभरात पुन्हा पुन्हा आत हात घालायचा असतो. तुमची बॅग दिवसभरात दोनदाच उघडणार असेल, तर हे उत्तर इथेच सोडून चांगली सॅक शोधायला लागा. तुमच्या पाठीचे भले होईल.

आता वजन. बहुतेक जण बॅगेचे माप घरातल्या सगळ्या सामानावरून ठरवतात आणि तिथेच गडबड सुरू होते. तुमच्यासारख्या संचाचे उदाहरण घेऊ. सोनी ए७ फोर ही बॉडी बॅटरी आणि कार्डासह ६५८ ग्रॅम, २४-७० जीएम टू (सोनीच्या वरच्या दर्जाच्या लेन्सची दुसरी आवृत्ती) ६९५ ग्रॅम, ७०-२०० जीएम टू १०४५ ग्रॅम, ३५ मिमी एफ/१.८ सुमारे २८० ग्रॅम. एवढ्यातच पावणेतीन किलो होत आले. बॅटऱ्या भरलेला फ्लॅश अर्धा किलो धरा, रिकामी चांगली बॅग स्वतःच एक-सव्वा किलो असते, वर पाण्याची बाटली, जादा बॅटऱ्या, चार्जर, पुसायचे कापड. पाच किलोच्या घरात गेलात. एका खांद्यावर पाच किलो तासभर चालतात. चार तासांनंतर मान आखडते आणि माणूस नकळत तो खांदा उचलून चालू लागतो. पट्टा घसरू नये म्हणून स्नायू सतत ताणलेले राहतात, दुखणे तिथून सुरू होते. त्यातून ७०-२०० आणि फ्लॅश वगळले तर सामान १.६ किलोवर येते आणि बॅग धरून तीन किलोच्या आत राहते. हा फरक जगातली कुठलीही गादीदार पट्टी भरून काढू शकत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की बॅग बॉडी, २४-७० आणि ३५ यांच्या मापाची घ्या, ज्यात गरज पडली तर ७०-२०० उभी राहील एवढी उंची आणि एक रिकामा कप्पा असेल. सगळे सामान एकदम घेऊन जायचे दिवस असतातच, पण त्या दिवशी सॅक काढा किंवा लांब लेन्स कमरेच्या पट्ट्यावरच्या पाऊचमध्ये न्या. मोठी बॅग घेतली की ती भरली जाते. रिकामा कप्पा दिसला की हात आपोआप काहीतरी त्यात ठेवतोच.

मापे बघताना लिटरच्या आकड्याकडे दुर्लक्ष करा. पुढच्या खिशाची जागाही त्यात धरलेली असू शकते, आणि कॅमेरा काही पाणी नव्हे की भांड्याचा आकार घेईल. आतली लांबी, उंची आणि जाडी सेंटिमीटरमध्ये बघा, तीही पॅडिंग वगळून. तीन आकडे महत्त्वाचे. पहिला उंची. लेन्स लावलेला कॅमेरा आत जातो तो लेन्स खाली, पाठ वर अशा स्थितीत. २४-७० जीएम टू साधारण १२ सेंटिमीटर लांब आहे. बॉडीची जाडी आणि व्ह्यूफाइंडरचा रबर धरून उंची १८ ते २० सेंटिमीटर होते. ७०-२०० मध्ये तर कंपनीनुसार फार तफावत आहे: कॅननची आरएफ माउंटची (माउंट म्हणजे लेन्स अडकवायचा जोड), झूम करताना लांबणारी एफ/२.८ मिटलेली १४६ मिलिमीटर, सोनीची जीएम टू २०० आणि निकॉनची झेड माउंटची २२० मिलिमीटर. वर पुढचे-मागचे झाकण धरा. एकाच नावाची लेन्स, पण एक आडवी-उभी कशीही मावते आणि दुसरीसाठी बॅग चार बोटे उंच लागते. कुणी ‘यात ७०-२०० मावते’ म्हणाले तर कुणाची ते विचारा.

दुसरा आकडा जाडीचा, म्हणजे अंगापासून बाहेर येणारी बाजू. या झूम लेन्सचा घेर साधारण ८८ ते ९० मिलिमीटर, तेव्हा आतून १० सेंटिमीटर जाडीची बॅग पुरते. मात्र हूड (लेन्सच्या तोंडावरचे ऊन अडवणारे कडे) उलटे लावून ठेवायची सवय असेल तर एक-दोन सेंटिमीटर वाढवून धरा. त्याहून जाड बॅग मी टाळतो. बॅग जितकी जाड तितके वजन अंगापासून दूर लटकते, दारातून जाताना चौकटीला लागते आणि वाकलात की पुढे झोका घेते. तिसरा आकडा लांबीचा. बॉडीचीच रुंदी १३ सेंटिमीटर असते आणि ती १० सेंटिमीटर जाडीत आडवी बसत नाही, बॅगेच्या लांबीतच ठेवावी लागते. तिच्या एका बाजूला ७०-२०० साठी ९ सेंटिमीटर, दुसऱ्या बाजूला ३५ आणि फ्लॅश एकमेकांवर. प्रत्येक मधल्या पडद्याची जाडी पाऊण ते एक सेंटिमीटर. बेरीज करा, ३२-३५ सेंटिमीटरच्या आसपास उत्तर येईल. एल-ब्रॅकेट (बॉडीला लावायची एल आकाराची ट्रायपॉड पट्टी) किंवा बॅटरी ग्रिप (खाली लागणारी जादा बॅटरीची मूठ) लावत असाल तर ही सगळी गणिते पुन्हा मांडा, कारण मग बॉडी चौकोनी होते.

आता पट्टा. यावर जरा वेळ घालवतो, कारण बॅगेच्या परीक्षणांत त्यावर दोन ओळी असतात आणि बॅग वापरणाऱ्याचा निम्मा संसार त्यावरच चालतो.

पट्टा बॅगेला जोडायच्या तीन रीती आहेत. पहिलीत पट्टा संपूर्ण बॅगेखालून जातो आणि दोन्ही बाजूंनी वर येतो. वजन पट्ट्यावर बसते आणि टाके फक्त तो जागेवर धरून ठेवतात. डोमके एफ-२ अशीच आहे. टिकाऊपणात याला तोड नाही, तोटा एवढाच की पट्टा खराब झाला तर सहज बदलता येत नाही. दुसऱ्या रीतीत बाजूला कापडी किंवा चामडी पट्टीत धातूची कडी अडकवलेली असते आणि पट्टा हुकाने त्यात अडकतो. इथे सगळा भार त्या पट्टीच्या शिवणीवर. ती पट्टी बॅगेच्या बाजूवर किती खाली येते ते पाहा. दोन-तीन सेंटिमीटर असेल तर ठेवा परत. बरीच खाली येऊन चौकोनात फुलीची शिवण असेल, किंवा दाट आडव्या टाक्यांचे पट्टे असतील, तर ती टिकेल. नुसता रिव्हेट असेल आणि शिवण नसेल तर कापड त्या भोकाभोवती फाटत जाते. तिसऱ्या रीतीत पट्टा थेट बॅगेच्या वरच्या कडेत शिवलेला असतो. महागड्या बॅगेत ही रीत दिसली तर दुकानदाराला नमस्कार करून निघा.

हूक आणि कड्या कशाच्या आहेत हे ओळखणे अवघड असते. भरीव पितळ घासून घासून उजळते; जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव हूक मुलामा उडाल्यावर आतून राखाडी दिसतात आणि वाकण्याआधी तुटतात, म्हणजे आधी सूचना मिळत नाही. लोहचुंबक लावून फक्त पोलाद ओळखता येते. पितळ आणि जस्त दोन्हींना चुंबक चिकटत नाही, त्यामुळे ‘चुंबक चिकटत नाही म्हणजे पितळ’ या समजुतीत राहू नका. फिरते हूक असतील तर बॅग लटकवून चालून बघा. काही हूक प्रत्येक पावलाला कुरकुरतात. शांत सभागृहात भाषण चालू असताना हा आवाज तुम्हाला सगळ्यांच्या नजरेत आणतो.

पट्ट्याची रुंदी चार ते पाच सेंटिमीटर हवी. त्याखाली गेला की कापतो, त्याहून फार रुंद झाला की मानेजवळ मुडपतो आणि एका कडेवर भार घेतो. गादी फार मऊ असू नये. बोटाने दाबली आणि तळापर्यंत गेली तर पाच किलोखाली ती पहिल्या दिवसापासून चपटी होणार. त्यापेक्षा विणीचा दाट, किंचित लवचिक पट्टा आणि आतल्या बाजूला पकड हे बरे. डोमकेच्या पट्ट्यात रबराचे धागे विणलेले असतात, दिसायला ओबडधोबड, पण एका खांद्यावर लटकवली तरी घसरत नाही. मात्र हीच पकड आडवा पट्टा घालून काम करणाऱ्याला त्रास देते, कारण बॅग पाठीमागून पुढे ओढताना पट्टा सदऱ्यासकट फिरतो. तुम्ही कसे घालता त्यावर ठरवा. कार्यक्रमात मी आडवा घालतो आणि बॅग कमरेच्या किंचित मागे ठेवतो. हवी तेव्हा पुढे ओढायची. त्यासाठी पट्ट्याची लांबी एका हाताने कमी-जास्त होणे फार सोयीचे. पीक डिझाइन या कंपनीने २०१५ मध्ये आणलेल्या एव्हरीडे मेसेंजर या बॅगेत ही सोय आहे, तिथे पट्ट्यावरची खटकी उचलली की झाले. बक्कलच्या भोकांचा चामडी पट्टा सुंदर दिसतो, पण चालताना दोन भोके आवळून बघा म्हणजे कळेल.

उंचीने कमी किंवा जास्त असाल तर पट्ट्याची सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त लांबी तपासा. आडवा घातल्यावर बॅगेचे तोंड कमरेच्या हाडाच्या आसपास आले पाहिजे. मांडीवर आली तर प्रत्येक पावलाला गुडघ्याच्या वर आपटेल.

दुसरी मोठी गोष्ट तोंड. बॅग उघडली की तोंड स्वतःहून उघडे राहते का? कडा मऊ असल्या की त्या आत मिटतात, मग एक हात तोंड धरायला आणि दुसरा कॅमेरा काढायला. लेन्स कुठल्या हातात धरायची? चांगल्या बॅगांच्या वरच्या कडेत थोडी ताठ पट्टी किंवा दुमडलेली दुहेरी शिवण असते, तेवढ्याने काम होते. झाकण कुठल्या दिशेने उघडते तेही पाहा. बहुतेक फ्लॅप पुढून उचलून अंगाकडे येतात. ते ठीक, मात्र फ्लॅप मागे टाकल्यावर तो तिथेच राहिला पाहिजे, परत तोंडावर पडता कामा नये.

बंद करायच्या पद्धतींवर लोक तासन्‌तास भांडतात. माझे मत असे: कामाच्या वेळी बॅग पूर्ण बंद केलीच जात नाही, फ्लॅप नुसता वर टाकलेला असतो. म्हणून फ्लॅप इतका खोल आणि जड हवा की न अडकवताही तो तोंड झाकेल आणि पाऊस बाहेर ठेवेल. बिलिंगहॅमच्या हॅडली मालिकेत चामडी पट्टीच्या भोकात पितळी गोळा अडकतो. नवीन असताना चिवट, मग सवयीने एका हाताने निघतो. वेल्क्रो झटपट, पण आवाजाने सगळे वळून पाहतात; थिंक टँक या कंपनीच्या रेट्रोस्पेक्टिव्ह बॅगांत वेल्क्रो झाकून गप्प करायची पट्टी दिली आहे, आणि टेनबा कंपनीच्या काही बॅगांत फ्लॅप आधी खाली ओढून मग उचलला की तो आवाज न करता सुटतो. चुंबकी खटके मला आवडतात, फक्त वाळू किंवा बारीक लोखंडी कण असलेल्या जागी ते पुसत राहावे लागतात. मेमरी कार्डावरचे फोटो या चुंबकांनी जात नाहीत, ती भीती सोडा. मात्र काळ्या चुंबकी पट्टीची बँक कार्डे आणि होकायंत्र त्यांच्यापासून लांब ठेवा.

फ्लॅपखाली झिप असावी का? प्रवासात असावी, कामात नको. वापरायची नसेल तेव्हा पूर्ण आत दुमडून जाणारी असेल तर दोन्ही साधते. झिपचे दात कॅमेऱ्याच्या पाठीमागच्या स्क्रीनला घासत नाहीत ना, एवढे बघून घ्या. झिपवरचा ५, ८ किंवा १० हा आकडा म्हणजे मिटलेल्या दातांची मिलिमीटरमधली अंदाजे रुंदी. मुख्य तोंडाला ८ किंवा १० हवी. ५ आतल्या खिशाला ठीक.

कापडाकडे आता येतो. तुमचा प्रश्न कॅनव्हास की चामडे असा आहे, पण तिसरा पर्याय नायलॉनचा, आणि दिवसभराच्या कामासाठी मी त्याला कमी लेखणार नाही. डेनियर हा आकडा दिसेल: ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. आकडा मोठा म्हणजे धागा जाड. ५०० डेनियरची कॉर्डुरा (दणकट नायलॉन कापडाचे एक व्यापारी नाव) हलकी आणि पुरेशी, १००० ची अधिक दणकट, १६८० ची बॅलिस्टिक नायलॉन घासण्याला दाद देत नाही पण कडक आणि जड. कापडापेक्षा त्याच्या आतला थर जास्त महत्त्वाचा. पाणी अडवायला दिलेला स्वस्त पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत काही वर्षांनी विरघळल्यासारखा चिकट होतो, मग त्याचे पापुद्रे लेन्सवर पडतात. जुनी बॅग कपाटातून काढल्यावर हाताला जो चिकटपणा लागतो तो हाच. बिलिंगहॅम दोन कापडांच्या मध्ये ब्युटाइल रबराचा थर दाबून बसवते, त्यामुळे पावसात त्यांची बॅग आतून कोरडी राहते. किंमत जास्त असण्याच्या खऱ्या कारणांपैकी हे एक.

मेण लावलेले कॅनव्हास, म्हणजे वॅक्स्ड कॅनव्हास, फोटोत सगळ्यांत देखणे दिसते. पाणी झटकून टाकते, ओरखडे हाताने चोळले की निम्मे जातात. पण उन्हात मेण मऊ होते आणि फिकट कपड्यांवर डाग उमटतो, सुरुवातीचे काही महिने तर नक्कीच. गरम पाण्याने धुतले की मेण गेले. दर एक-दोन वर्षांनी पुन्हा मेण चोळायची हौस असेल तर घ्या. काही लोकांना त्यातच खरा आनंद मिळतो.

पूर्ण चामड्याची बॅग मी कामासाठी सुचवणार नाही. रिकामीच जड, भिजली की आणखी जड, वाळायला दोन दिवस, आणि दमट हवेत बुरशीला आमंत्रण. ज्या बुरशीमुळे लेन्सच्या आत जाळे पसरते ती ओलसर चामड्यात आणि कापडात आनंदाने राहते. कुठल्याही बॅगेत सामान महिनोन्‌महिने बंद करून ठेवू नये, चामड्याच्या तर अजिबात नाही. घरी आलात की कॅमेरा बाहेर काढा, ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या कोरड्या कपाटात ठेवा आणि बॅग उघडी टांगा. पट्ट्यांना, कडांना आणि बुडाला चामडे असलेली कॅनव्हास बॅग हा समंजस मध्यममार्ग. तिथेही कडा तपासा: आतून तंतू दिसणारे, एकसंध चामडे हवे. दोन थरांमध्ये पुठ्ठ्यासारखा भुगा दिसला तर तो चामड्याच्या चुऱ्यापासून बनवलेला तक्ता आहे, तो सोलवटतो. ‘अस्सल चामडे’ एवढाच शिक्का असेल तर त्यावरून दर्जा काहीच कळत नाही. ‘फुल ग्रेन’ लिहिले असेल तर बरे.

आतल्या बाजूबद्दल तीनच गोष्टी सांगतो. अस्तर फिकट रंगाचे घ्या, कारण काळ्या अस्तरात काळे लेन्स कॅप संध्याकाळी सापडत नाही. फोम बंद पेशींचा, म्हणजे दाबला की लगेच मूळ आकारात येणारा आणि पाणी न शोषणारा असावा. बुडाशी जाड आणि बाजूंना पातळ पुरतो, कारण बॅग खाली ठेवताना बसणारा दणका बुडालाच बसतो. आणि पडद्यांची गर्दी नको. बॅगेसोबत आलेल्या पडद्यांपैकी निम्मे घरी ठेवा. आतला पॅडेड कप्पा पूर्ण निघणारा असेल तर साफसफाई सोपी होते: उलटा करून झटका, व्हॅक्यूम फिरवा. बॅगेच्या तळाची धूळच शेवटी सेन्सरवर जाते. वेगळा विकत मिळणारा असा कप्पा टाकून तुमच्याकडे असलेल्या एखाद्या दणकट साध्या बॅगेचीही कॅमेरा बॅग करता येते. जाहिरातदारांना हे आवडणार नाही, पण पर्याय चांगला आहे.

पुढच्या खिशांवर भाळू नका. ते भरले की बॅग बाहेरच्या बाजूने फुगते आणि आतली जागाही खाते. मागे अंगालगत एक सपाट झिपचा खिसा मात्र हवाच, पासपोर्ट आणि भरलेली कार्डे तिथे. बॅगेवर मोठे नाव नसलेले बरे. हॅडली किंवा डोमके जाणकार चोर ओळखतो हे खरे, पण जाणकार चोर कमीच असतात.

विमानप्रवासात खांद्यावरची बॅग सीटखाली गेली पाहिजे, कारण वरचे कप्पे भरले की कर्मचारी मोठ्या बॅगा चेक-इन सामानात टाकायला सांगतात. सुट्या लिथियम बॅटऱ्या नेहमी जवळच्या बॅगेत न्यायच्या असतात, चेक-इन सामानात टाकता येत नाहीत. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीला सहसा हरकत नसते, आणि ए७ फोरची बॅटरी जेमतेम १६.४ वॅट-तासांची आहे. तिची टोके झाकलेली हवीत एवढेच. चाकांच्या बॅगेच्या दांड्यात अडकवायची पट्टी मागे असेल तर विमानतळावर खांदा वाचतो.

घ्यायच्या आधी स्वतःचे सामान घेऊन जा. पूर्ण भरून, खांद्यावर घालून, बॅगेकडे न पाहता कॅमेरा काढा आणि परत सोडा. मग फ्लॅप न अडकवता कमरेत वाका, जणू बुटाची नाडी बांधताय. काही बाहेर येते का बघा. जिना उतरा. खुर्चीत बसा, तेव्हा बॅग मांडीवर सपाट राहते की कलंडते? खाली ठेवल्यावर उभी राहते का? ऑनलाइन मागवली असेल तर लेबल न काढता घरात हेच करा, अर्धा तास चाला, आणि मानेजवळ काही टोचले तर परत पाठवा. टोचणारा पट्टा सरावाने टोचायचा थांबत नाही.

हमीपत्र वाचताना ‘आजीवन’ हा शब्द सावकाश वाचा. बऱ्याच ठिकाणी ते आयुष्य बॅगेचे, तुमचे नव्हे, आणि झिजेमुळे झालेले नुकसान त्यात धरत नाहीत. त्यापेक्षा विचारा: पट्टा, पट्ट्याची गादी, आतला कप्पा, बक्कल सुटे विकत मिळतात का? कंपनी जुन्या बॅगा दुरुस्त करते का? बिलिंगहॅमसारखे काही उत्पादक करतात. यामुळेच वापरलेली चांगली बॅग घेणेही शहाणपणाचे ठरते: पट्ट्याच्या जोडाची शिवण, आतला थर चिकट झाला आहे का, आणि वास, एवढे तपासा. कुबट वास आला तर कितीही स्वस्त असली तरी सोडा, ती बुरशी तुमच्या लेन्सपर्यंत येईल.

तुमच्यासाठी नेमके सांगायचे तर: पट्ट्यांना आणि कडांना चामडे असलेली, रबराचा थर दिलेली कॅनव्हास किंवा नायलॉनची बॅग, आतून साधारण ३३ × १० सेंटिमीटर आणि तुमची ७०-२०० झाकणांसह उभी राहील एवढी उंच, निघणारा कप्पा, खोल फ्लॅप. पावसाळी जागी अधिक फिरत असाल तर हॅडली मालिकेतल्या बॅगा आतली जाडी मोजून आधी बघा. कार्यक्रमच जास्त असतील आणि अंगाला लपेटून बसणारी मऊ बॅग आवडत असेल तर डोमके एफ-२ किंवा रेट्रोस्पेक्टिव्ह. पट्टा सतत कमी-जास्त करत फिरायचे असेल तर पीक डिझाइन.

लॅपटॉपचे शेवटी. १३ इंची लॅपटॉप म्हणजे साधारण सव्वा किलोच्या आसपास, शिवाय तो मागच्या बाजूला बसला की बॅगेची पाठ फळीसारखी ताठ होते आणि कमरेला लपेटून बसत नाही. रोज लागत असेल तर वेगळ्या सडपातळ स्लीव्हमध्ये न्या आणि कामाच्या ठिकाणी पोचल्यावर ठेवून द्या. फक्त फोटो तपासून पाठवायचे असतील तर कार्ड रीडर आणि फोन पुरतो, आणि ते दोन्ही त्या मागच्या सपाट खिशात बसतात.